पांगाऱ्याची बाजू

त्या रानात प्रत्येक झाड कधी ना कधी पडत असे. पण ‘पडणे’ हा शब्द तिथे कुणालाच धड ऐकू आलेला नव्हता. कुणी तो उच्चारू लागलं, की आजूबाजूची सगळी झाडं मिळून जोरजोरात पानं सळसळवत. रानाची रीतच होती ती, आणि तिला तिथे माया म्हणत.

त्यामुळे झाडं पडत ती वाट्टेल तशी. कुणी स्वतःच्याच रोपांवर, कुणी शेजाऱ्याच्या घरट्यांवर. एखादं निम्मं कललं की कडेचे बांबू लगबगीने टेकू लावत, आणि ते बिचारं ना उभं ना आडवं असं ऋतूमागून ऋतू लोंबकळत राही. खाली पोरांची भांडणं जुंपत.

“बाबांना टेकडीकडे जायचं होतं.”

“तुला सांगितलं होतं का त्यांनी?”

सांगितलेलं कुणालाच नसे.

त्याच रानात एक म्हातारा पांगारा होता, भुंग्यांनी आतून पोखरलेला. त्याच्या अंगाखांद्यावर तोंडलीची एक वेल वाढली होती. ती त्याला अण्णा म्हणे. यंदा तिला पहिल्यांदाच तोंडली धरली होती, आणि तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ऊन लागलं तर? मुंगळे आले तर? मुळात जिला स्वतःलाच टेकायला कुणीतरी लागतं, तिने आईपणाचा हा व्याप घ्यावाच कशाला?

अण्णांच्या पोटातून पोकळ आवाज येऊ लागला, तसे तिने त्यांना आणखी घट्ट विळखे घातले. आपल्या तणाव्यांनी अख्खा पांगारा धरून ठेवता येईल, असा तिचा हिशेब. हिशेबात ती पहिल्यापासून कच्चीच.

एका दुपारी अण्णा म्हणाले, “पोरी, मी पडेन तेव्हा...”

सळसळ! त्यात सगळ्यांत मोठी तिचीच.

अण्णा ती ओसरेपर्यंत थांबले. “मी पडेन तेव्हा...”

“शुभ बोला की अण्णा! मुलं ऐकतायत.”

“ऐकू देत. तू अशी गुंडाळून बसलीस, तर त्यांना घेऊनच पडणार आहे मी.”

वेलीची पानं जागच्या जागी थबकली. तिने हळूच विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते ना. तुझ्या नि ह्या करंज्याच्या भांडणाची.”

शेजारचा करंज अण्णांच्याच सावलीत मोठा झालेला. तो फुरंगटून म्हणाला, “मी तर टेकू लावणार. रान काय म्हणेल?”

“रानाला सळसळू दे. मला टेकू नको, करंज्या. मला ओढ्याकडे पडायचंय. त्या अंगाला कुणी राहत नाही, आणि पाण्याचा आवाज मला आवडतो.”

एवढंच! वेलीला नवल वाटलं. जन्म ह्यांच्या अंगावर गेला, आणि ह्यांना पाण्याचा आवाज आवडतो हे आपल्या गावीही नाही.

त्या दिवसापासून ती एकेक तणावा सोडवून करंजाच्या फांदीवर नेऊ लागली.

“अगं हळू, गुदगुल्या होतात!” करंज कुरकुरे.

“एवढ्यात? अजून पोरं यायचीत तुझ्या अंगावर,” अण्णा पोकळ आवाजात खदखदून हसत. जाता जाता ते जुन्या गोष्टी सांगत. वेलीला आता चक्क झोप लागू लागली. हे काही बरं लक्षण नव्हे, अशी शंका तेवढी तिला येई.

एका सकाळी मोठा वारा आला. अण्णा करकरत ओढ्याकडे कलले. बांबू ओरडले, “लावायचा का टेकू? बोला लवकर!”

करंज थरथरत वेलीकडे पाहत राहिला.  पण तिला ठरवायचं काहीच नव्हतं. ऐकलेलं फक्त पुन्हा म्हणायचं होतं.

“नको. अण्णांनी नको म्हणून सांगितलंय.”

अण्णा ओढ्याकडे पडले. एकही तोंडलं गळलं नाही. वेल आणि करंज खूप रडले, पण एकमेकांना धरून.

पुढे त्या आडव्या खोडावरून खारी ओढा ओलांडू लागल्या. अण्णांच्या मोकळ्या जागेतून ऊन येई, तोंडली त्यात लालबुंद होत. अशाच एका दुपारी वेलीने मुलांना जवळ घेतलं.

“बाळांनो, मी वाळेन तेव्हा...”

बोटभर पोरं ती. पण मिळतील ती पानं धरून काय सळसळ केली त्यांनी!

वेल गालातल्या गालात हसली, आणि सळसळ ओसरेपर्यंत थांबली.