न गळणारं मडकं

एका गावात एक कुंभार होता. त्याची मडकी गळायची. मुद्दाम.

गावाला पाणी एकाच तळ्याचं, आणि ते इतकं गढूळ की उतरण्याआधी म्हशीसुद्धा विचार करायच्या. म्हणून कुंभार मातीत भाताचा भुसा बारीक चाळून कालवायचा. भट्टीत मडकं भाजलं की भुसा जळून जायचा आणि त्याच्या जागी डोळ्याला न दिसणारी भोकं उरायची. असं मडकं शिंक्यात टांगायचं आणि त्यात तळ्याचं पाणी ओतायचं. घाण आत अडकायची, स्वच्छ पाणी थेंब थेंब खालच्या घागरीत पडायचं. दिवसभरात घरटी एक घागर. गाव तेच प्यायचं आणि जिवंत राहायचं.

एकदा पाटलाकडे व्याही आले. घागर भरली म्हणून पाटलीणबाईंनी नुकतीच आत नेली होती. व्याही नेमके शिंक्याखालच्या त्या मोकळ्या जागेत बसले. टप्पकन एक थेंब त्यांच्या कानात गेला.

"काय हो पाटील, तुमच्या गावात धड मडकं मिळत नाही वाटतं?"

पाटलाने कुंभाराला बोलावलं. "भोकाची मडकी खपवतोस होय रे? यापुढे एक थेंब गळता कामा नये. नाहीतर गाव सोड."

मडकी का गळतात, हे सांगायला कुंभाराने तोंड उघडलं. पाटलाच्या भुवया वर गेल्या. तोंडातून आलं, "होय मालक."

घरी बायको म्हणाली, "अहो, भोकंच नसली तर घाण अडणार कुठं?"

"त्यांनी ते विचारलं नाही."

"मग तुम्ही सांगा की!"

"त्यांच्या भुवया बघितल्या नाहीस तू."

"म्हणजे आता भुवया बघून पाणी प्यायचं का गावानं?"

कुंभाराने बिनभुशाची माती मळली, मडकी नेहमीच्या दुप्पट भाजली. दगडासारखी झाली. पाटलाने एक मडकं पायरीवर आपटून बघितलं. पायरीचा टवका उडाला. पाटील खूश झाला. त्याने जुनी मडकी चावडीसमोर फोडायला लावली आणि घरोघर नवी वाटली. आता दिवसभर थांबायला नको. ओतलं की प्यायचं.

दुसऱ्या महिन्यात पोटं बिघडायला लागली. आधी एक म्हातारी गेली, मग दोन पोरं. वैद्याने चूर्ण दिलं आणि ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं. लोकांनी घेतलं. आणखी चार जण गेले.

मग कुंभाराची बायको अंथरुणाला खिळली. "अजून सांगा हो जाऊन," ती म्हणाली.

कुंभार पाटलाच्या दारापर्यंत गेला. आतून कुणाला तरी झापल्याचा आवाज आला. 'आज नको, उद्या सांगू,' म्हणून तो परत आला.

उद्या ती नव्हती.

मूलबाळ नव्हतं, म्हणून चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन कुंभारच फिरला. रीत अशी की प्रत्येक फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडायचं, तिसऱ्या फेरीनंतर ते मागे टाकून फोडायचं, आणि ते फुटलं की माणसांनी घरी जायचं.

पहिल्या फेरीला दगड मारला. दगड फुटला. दुसऱ्या फेरीला कुणीतरी कुऱ्हाड आणली. तिची धार गेली. तिसरी फेरी झाली. कुंभाराने मागे न बघता मडकं सोडलं. ठक्क असा आवाज झाला आणि मडकं गडगडत, गावकऱ्यांत उभ्या असलेल्या पाटलाच्या पायाशी येऊन थांबलं.

कुणी हललं नाही.

"मालक," कुंभार म्हणाला, "ते गळायला हवं होतं. पाण्यातली घाण त्याच्यातच अडकायची. मला माहीत होतं."

पाटलाने वाकून मडकं उचललं, फिरवून बघितलं, बुडावरून बोट फिरवलं.

"शाबास रे," तो म्हणाला. "साधा तडासुद्धा नाही."

मडकं फुटलं नव्हतं, त्यामुळे घरी कसं जायचं ते कुणालाच कळेना. चिता विझली तरी सगळे तिथेच उभे होते.

तात्पर्य: चूक माहीत असून जो भीतीपोटी 'होय' म्हणतो, त्याला त्या चुकीची शिक्षा कुणाला व्हावी हे ठरवता येत नाही.