महाराजांचा पाट कुठे मांडायचा?

सोनवडच्या राजांनी जप्त केलेलं घर विकायला काढलं, पण अट अशी घातली की घेण्याआधी ते आतून कुणी बघायचं नाही. आधी सोनं आणून ठेवायचं, मग किल्ली. का, तर मागच्या खेपेला दुसरं एक घर काढलं होतं, तेव्हा लोक ते बघायला आले आणि नावं ठेवून निघून गेले. राजांचं म्हणणं, बघतात म्हणूनच घरात दोष निघतात. कारभारी विसाजीपंतांनी मान डोलावली. त्यांना पगारच त्याचा होता.

घर होतं सारा थकवून पळालेल्या एका तेल्याचं. दाराला सरकारी मोहोर. लखू कोष्ट्याला ते हवं होतं, कारण भाड्याच्या जागेतून त्याला उठवलं होतं आणि माग मांडायला हातभर जागा उरली नव्हती. त्याच्यापाशी होतं काय, तर लेकीच्या लग्नासाठी जपलेलं सोनं. ते गेलं आणि घरही पोकळ निघालं, की बाप आणि लेक दोघंही उघड्यावर!

लेक गिरजा मोठी धीट. दरबारात जाऊन म्हणाली, "महाराज, आम्ही मडकं घेतो तेसुद्धा वाजवून."

राजे हट्टाला पेटले. म्हणाले, "मग उंबरठा न ओलांडता सांग घरात काय खोट आहे ते. सांगितलंस तर मागशील ते देईन. नाही सांगितलंस तर संध्याकाळी सोनं इथे हजर पाहिजे."

गिरजाने पदर सारखा केला आणि हो म्हणून टाकलं. मग साळसूदपणे म्हणाली, की घर गळ्यात पडणारच आहे, तर वास्तुशांतीची पंगतही आत्ताच ठरवू या. पहिला मान महाराजांचा. पुरणपोळी करीन म्हणाली. राजांनी पुरणपोळीला नाही म्हटल्याचं सोनवडात कुणाला आठवत नव्हतं.

"मग पाट कुठे मांडायचे ते कारभारीकाकांनी सांगावं," गिरजा म्हणाली. "जप्तीच्या वेळी घर आतून त्यांनीच तेवढं बघितलंय. मी म्हणते, महाराजांचा पाट माजघरात, मधल्या तुळईखाली."

विसाजीपंतांना ठसका लागला. "तुळईखाली नको. बाजूला मांडू."

"बरं. मागच्या भिंतीशी मांडते. महाराजांना टेकायला बरं."

"टेकायचं नाही! म्हणजे, जेवताना टेकू नये."

राजे म्हणाले, मी तर रोज टेकूनच जेवतो. विसाजीपंतांनी कपाळ पुसलं.

गिरजा म्हणाली, मग स्वयंपाकघरातच पाट घालू, चुलीवरची पोळी थेट ताटात. त्यावर पंत म्हणाले, तिथे महाराजांनी बसू नये, महाराज अंगाने भारदस्त आहेत. राजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग पंतांकडे पाहिलं.

शेवटी पंतांनीच तोड काढली. पंगत अंगणात, आंब्याखाली. हवाही छान.

गिरजाने राजांना हात जोडले. "महाराज, तुळई कुजलीय. मागची भिंत ढासळायला आलीय. स्वयंपाकघराची जमीन खालून पोकळ आहे. आंबा तेवढा चांगला आहे."

"तुला कसं कळलं? आत गेली होतीस?"

"मी कशाला जाऊ? पंतांनी सगळं घर फिरवून दाखवलं की, तुमच्यासमोरच."

राजांनी मोहोर तोडायला माणूस धाडला. तो डोक्यावर माती घेऊन परत आला. आत पाऊल टाकताच तुळईचा तुकडा पडला होता. राजे इतके हसले की शेला खांद्यावरून घसरला. मग हुकूम सोडला : घराची डागडुजी विसाजीपंतांनी स्वतःच्या पैशाने करायची, आणि काम होईपर्यंत त्यांनीच त्या घरात राहायचं. घर लखूला फुकट. तोवर बापलेकींनी आपला माग पंतांच्या चौसोपी घरात मांडायचा.

पंतांनी मान डोलावली. सवयीने.

राजे म्हणाले, "काय गिरजे, आता तरी झालं ना मनासारखं?"

"झालं, महाराज," गिरजा म्हणाली. "फक्त पंतांचं घर आधी एकदा आतून बघून येते."

राजे पुन्हा हसायला लागले, आणि अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली.