थांब्यावरून माघारी गेलेली माणसे

एकदा एका महानगराच्या परिवहन समितीवर एक तरुण नगरसेविका निवडली गेली. तिचे नाव रेवती घोडके. तिच्या प्रभागातला बावन्न क्रमांकाचा बसमार्ग बंद करण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला होता. अहवालात स्वच्छ लिहिले होते, एका फेरीत सरासरी चार प्रवासी. पक्षाने प्रस्तावाच्या बाजूने हात वर करण्याचा आदेश दिला होता. मतदान दुपारी एक वाजता होते, आणि सकाळपासून रेवतीचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

ती आपल्या गुरूंकडे गेली. मोहोळकर सरांनी उभे आयुष्य परिवहन खात्यात बसची वेळापत्रके आखण्यात घालवले होते. निवृत्तीनंतर ते नव्या नगरसेवकांना पालिकेचा कारभार शिकवीत.

"सर, आकडे खरे आहेत. मग माझा जीव असा खालीवर का होतोय?"

सरांनी अहवाल उघडलाही नाही. चपला पायात सरकवत ते म्हणाले, "चल, थांब्यावर जाऊ. बस आली तरी चढायचं नाही. थांब्यावरून माघारी कोण जातं, तेवढंच मोजायचं."

रेवतीला हे विचित्र वाटले, पण ती निघाली.

दहा वाजता दोघे थांब्यावर उभे राहिले. एक गृहस्थ आजारी पत्नीला डायलिसिसला घेऊन आले होते. वीस मिनिटे वाट पाहून त्यांनी रिक्षावाल्यांना हात केला. तिघे थांबलेच नाहीत, चौथ्याने घेतले. घरकामाला निघालेली एक बाई फोनवर विनवत होती, "ताई, निघालेय हो, बसच नाहीये." अखेर ती पायीच सुटली. डोळे तपासायला निघालेल्या एका वृद्धेने विचारले, "बावन्न गेली का गं?"

"नाही मावशी, येईलच. थांबा थोडं."

"काल पण एक जण असंच म्हणाली होती," असे म्हणत वृद्धा कट्ट्यावर टेकली. थोड्या वेळाने उठली, "आता ओपीडी बंद होणार," म्हणाली आणि घराकडे वळली.

अकरा वाजेपर्यंत आणखी काही जण असेच निघून गेले. रेवती पुनःपुन्हा घड्याळ पाहू लागली. "सर, मला सभेला उशीर होईल. रिक्षा करू या?"

"तुला करता येते," सर एवढेच म्हणाले.

सव्वाअकराला बस आली. दार उघडले. चढायला कोणीच उरले नव्हते. आत तीन प्रवासी होते.

"माघारी किती गेले?"

"अकरा," रेवती हळूच म्हणाली.

तेव्हा सर म्हणाले, "अहवाल लिहिणारा खोटं बोललेला नाही. त्यानं बसमध्ये बसून मोजलं. मीही तसंच मोजत आलो आणि माझ्या सहीनं सहा मार्ग बंद केले. बस वेळेवर येत नाही म्हणून माणसं निघून जातात. मग माणसं नाहीत म्हणून आपण फेऱ्या कमी करतो आणि शेवटी रिकामी बस पुरावा म्हणून दाखवतो. जो कंटाळून परत गेला, त्याचं तिकीट फाटत नाही, म्हणून तो कागदावर येतच नाही. मला हे निवृत्त झाल्यावर कळलं, रेवती. एकदा थांब्यावर मीच उभा राहिलो, तेव्हा."

 रेवतीने अकराचा आकडा अहवालाच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेतला.

सभेत ती उभी राहिली. "बस न मिळाल्यामुळे परत गेलेल्यांची नोंद या अहवालात कोणत्या पानावर आहे?" तिने विचारले. अधिकाऱ्याने पाने चाळली. पुन्हा पहिल्यापासून चाळली. अखेर अध्यक्षांनी प्रस्ताव महिनाभर पुढे ढकलला आणि थांब्यांवर मोजणी करण्यास सांगितले.

बाहेर पक्षाचे गटनेते तिच्याकडे न पाहता निघून गेले. एक सहकारी कानाशी पुटपुटला, "पुढच्या निवडणुकीचं विसरा आता."

 रेवतीची सकाळची धास्ती तशीच होती, मात्र ती निवडणुकीची नव्हे, कोणी मोजायचे राहून जाईल याची आहे हे आता तिला नेमके ठाऊक होते. हातात एकच महिना होता आणि प्रभागात बावन्नचे एकोणीस थांबे होते. ती पायऱ्या उतरून पहिल्या थांब्याकडे चालू लागली.