दोन घटका गाडी उभी करायची कुठं?

गाडी उभी करायची कुठं? येसूला एवढंच हवं होतं, आणि अख्ख्या सोमनगरात त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं!

येसू नदीपलीकडच्या मुलखातली, पाथरवटाची लेक. बापानं घडवलेली दळणाची दगडी जाती बैलगाडीत भरून ती या परक्या राज्यात पहिल्यांदाच विकायला आली होती. वेशीवरच कोतवाल रंभाजीनं तिला अडवलं आणि परमुलखातल्या गाडीवानांसाठीचे बारा नियम तोंडपाठ करायला लावले. गाडी डाव्या अंगानं हाकावी. बाजारात उभी करू नये. देवळापुढे उभी करू नये. कुणाच्या दारात नको, विहिरीजवळ नको, झाडाखाली नको, मैदानात नको... येसू बोटं मोजत होती. बोटं संपली, नियम संपेनात!

बारावा नियम मात्र कोतवालानं हात जोडून सांगितला. "महाराज रथात बसून बाहेर पडले, की ज्या गाडीवानाला रथ दिसेल त्यानं जागच्या जागी थांबावं, मग ती जागा कोणतीही असो! बैल सोडावेत, मुजरा करावा, आणि रथ दिसेनासा होईपर्यंत चाक हलवू नये."

"आणि नियम मोडला तर?"

"बैल सरकारजमा!"

झालं! सकाळपासून येसूची गाडी गावभर फिरत होती. जरा थांबली की कुठून तरी शिपाई उगवायचा आणि ओरडायचा, "हाक पुढं!" गिऱ्हाईक जात्याला हात लावेपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत! दुपारपर्यंत मुंड्या बैल लंगडायला लागला. तो आणि त्याचा जोडीदार तांबड्या, दोघांना येसूनं वासरं असल्यापासून वाढवलं होतं. मुंड्याचं पाय ओढत चालणं तिला बघवेना. तिनं गाडी थेट राजवाड्याच्या आवारात घातली.

राजा अनंगदेव सज्जात विडा चघळत बसला होता. पाहतो तर खाली एक मुलगी गाडीतून गोल गोल फिरतेय आणि ओरडतेय!

"महाराज, माझं गाऱ्हाणं ऐका!"

"अगं, मग थांब की!"

"थांबले तर बैल जातील!" गाडी कोपऱ्यावरून वळली. राजाला ती पुन्हा समोर येईपर्यंत वाट बघावी लागली. "तुमच्या राज्यात गाडी हाकायला रस्ते आहेत, पण उभी करायला वीतभर जागा नाही!"

राजाला राग आला. राजा वाईट नव्हता, पण आपल्या नियमांवर त्याचं पोटच्या पोरांपेक्षा जास्त प्रेम. "नियम माझे, अडचण तुझी! एकही नियम न मोडता माझ्या शहरात दोन घटका गाडी उभी करून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. चुकलीस तर बैल माझे!"

"कबूल! पण महाराज, चुकले की नाही हे बघणार कोण?"

"कोतवाल बघेल."

"कोतवालसाहेब भले माणूस," येसू पुढच्या फेरीत म्हणाली, "पण मी जिंकले तर लोक म्हणतील, त्यांनी डोळेझाक केली. महाराजांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर कुणाची बोलायची हिंमत आहे?"

राजाची छाती फुगली. "मी स्वतः येईन! दोन घटका तुझ्यावरची नजर काढणार नाही, हा माझा शब्द! रंभाजी, रथ जोडा!"

येसू हसू दाबत फाटकातून बाहेर पडली. ती भर बाजारच्या चौकात पोचली तोच मागून शिंग वाजलं. रथ दिसला. येसूनं टुणकन उडी मारली, बैल सोडले, वाकून मुजरा केला आणि बैलांपुढे कडबा टाकला.

"बाजारात गाडी!" कोतवाल आनंदानं किंचाळला. "बैल ताब्यात घ्या!"

"थांबा, साहेब! बारावा नियम म्हणून दाखवू का? रथ दिसला की जागच्या जागी, मग ती जागा कोणतीही असो!"

कोतवालानं बोटांवर नियम पुन्हा मोजून बघितले. मग तो राजाच्या कानाशी लागला. "महाराज, आपण मागं फिरावं. रथ दिसेनासा झाला की तिला हलावंच लागेल."

"आणि नजर काढणार नाही हा माझा शब्द? तो कुठं ठेवू?" राजा खेकसला.

रथ जागचा हलेना, म्हणून गाडीही हलेना! राजा उन्हात घाम पुसत बसला. येसूनं मुंड्याच्या खुरातला खडा काढला, वर हळद-तेल लावलं. बायका गोळा झाल्या, जाती फिरवून बघू लागल्या. जातं विकू नये असा नियमच नव्हता! अखेर दुसऱ्या घटकेचा टोला पडला.

"पोरी," राजा म्हणाला, "सांग तरी, ही जागा तुला सापडली कशी?"

"महाराज, तुमच्या शहरात परक्या गाडीला एकच जागा मोकळी आहे. तुमच्या डोळ्यांसमोर!"

राजा असा हसला की रथाचे घोडे दचकले. "जिंकलीस! माग काय हवं ते!"

"वेशीच्या आत गाड्यांसाठी एक सावलीचा तळ द्या. बैलांना पाण्याचा हौद द्या."

"दिला! उद्याच कामाला लावतो."

"उद्या नको, महाराज! आता तुम्ही वाड्यावर गेलात, की माझ्या मुंड्याला परत चालावं लागेल!"

राजा पुन्हा खो खो हसला, आणि पायांतले जोडे काढून रथातच मांडी घालून बसला. "रंभाजी, माणसं घेऊन पळा! बैलांचा हौद भरेपर्यंत आम्हीही इथंच उभे!"