कललेलं तळं

साळगडच्या राजेसाहेबांना फोटो काढायचं खूळ लागलं आणि दरबारी लोकांची पंचाईत झाली. एकानं एका फोटोला नुसतं "आभाळ जरा काळं आलंय" म्हटलं, तर त्याला संस्थानाबाहेर हाकललं.

आता राजांनी काढलेला सकाळच्या तळ्याचा फोटो पुण्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. तळं उजवीकडं कललेलं, उजेडाचा पत्ता नाही. दरबारचा फोटोवाला रंगोबा चितारी पेचात पडला. बोललो तर आज नोकरी जाते, गप्प बसलो तर प्रदर्शनात हसं होऊन उद्या जाते.

"काय रंगोबा, काही खोट?" राजांनी मिशीवर हात फिरवला.

"आहे सरकार, पण ती तळ्याची. समोर खुद्द आपल्याला बघून ते मुजऱ्याला वाकलं, ते वाकलेलंच राहिलं. उजेड तर भिऊन पुढंच आला नाही."

दरबारी आपापल्या जोड्यांकडं बघू लागले.

"मग आता?"

"हुकूम व्हावा. पुन्हा छापताना तळ्याला सरळ उभं करतो आणि उजेडाला पुढं बोलावतो."

राजांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "तळ्याला ऊठ म्हणायचं आमच्याकडूनच राहिलं."