वाकडं बसवलेलं मीटर

"पण उस्ताद, यात खोट कुठे आहे ते तरी दाखवा!"

रेवती इंगवलेच्या हातात अजून पॉलिश पेपर होता. समोर तिची जुनी लाल गाडी, दार सताड उघडं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दस्तगीर उस्तादांचं गॅरेज. घाटातल्या शर्यतींसाठी ते गाड्या तयार करत. एके काळी स्वतः चालवायचेही. रेवती त्यांची शागीर्द. तिच्या हाताला विलक्षण सफाई होती, आणि ती आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

मागच्या वर्षी वाघदऱ्याच्या घाटात, अगदी वरच्या चढावर, तिचं इंजिन तापून जाम झालं होतं. गाडीतला लाल दिवा लागला तो सगळं संपल्यावर. नवं इंजिन उभं करण्यात तिचं वर्ष गेलं. यंदा पुन्हा तसं झालं, तर शर्यतीचं नाव काढायला जागा उरणार नव्हती.

म्हणून तिने तापमानाचं वेगळं मीटर आणलं होतं आणि त्याच्यासाठी डॅशबोर्डच्या मधोमध घर केलं होतं. पाइप कापून गोल कडं, त्यावर फायबरचं कापड, मग खाचा बुजवणारी लांबी, घासकाम, वरून काळं रेक्झिन. सांधा कुठे आहे ते बोटालाही कळत नव्हतं.

उस्तादांनी त्यावरून हात फिरवला.

"देखणं झालंय."

"मग?"

"हेल्मेट घाल. बस."

ती बसली. उस्तादांनी शर्यतीचे पट्टे असे आवळले की तिची पाठ सीटला चिकटली.

"आता मीटर बघ."

तिने मान वाकवली. हेल्मेटची हनुवटी छातीला टेकली. पट्ट्यांनी पुढे झुकू दिलं नाही. मीटरची फक्त वरची कड दिसली...

"कुणासाठी केलंस हे घर?"

रेवतीने हेल्मेट काढलं. पट्टे सोडले, खाली उतरली, करवत घेतली आणि स्वतःच्या हाताने ते घर कापून काढलं.

उस्ताद चहा प्यायला निघून गेले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा हाक मारली.

या वेळी मीटर पुढच्या काचेशेजारच्या खांबावर होतं. खांबाचं प्लॅस्टिकचं आवरण काढून तिने त्यातच नवीन घर घडवलं होतं. हेल्मेट घालून, पट्टे बांधून, सीटवर बसूनच त्याचा कोन ठरवला होता. रस्त्यावरून नजर न काढता मीटर दिसत होतं.

उस्ताद गाडीत बसले. समोर बघितलं. खुशीत मान हलवली.

मग हात पुढे केला, मीटर पकडलं आणि घरातल्या घरात करकचून फिरवलं.

आकडे आडवे झाले. कडेच्या रेक्झिनला सुरकुती पडली.

"उस्ताद! वाकडं केलंत!"

"इंजिन चालू कर," खाली उतरत ते म्हणाले.

इंजिन तापू लागलं. काटा हळूहळू वर चढला, आणि तापमान जिथे असायला हवं तिथे येऊन थांबला. सरळ उभा.

"आकडे वाचता येत नाहीत आता."

"घाटात वाचत बसणार आहेस?"

"लोक हसतील, उस्ताद."

"हसू देत... काटा उभा, तोवर पाय दाबून ठेव. कलला, तर तुझं तू ठरव."

ते गेल्यावर तिचा हात मीटर सरळ करायला पुढे गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग तिने तो मागे घेतला.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. एकेक गाडी सुटत होती, रेवतीची सर्वांत शेवटी. सांगलीच्या निंबाळकरांनी, गेल्या वर्षीच्या विजेत्यांनी, स्वतःची गाडी काढण्याआधी तिच्या खिडकीतून आत डोकावून बघितलं.

"काय इंगवले, मीटर झोपलंय का?"

ती हसली. काच खाली घेतली होती ती वर केली.

झेंडा पडला.

पहिली वळणं तिने अशी घेतली की दगडी कठड्यावरची माणसं मागे सरकली. काटा उभा. मधली चढण, काटा उभा. मागच्या वर्षी जिथे गाडी थांबली होती ते वळण आलं... आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी कललं.

तिने मान वळवली नाही. गिअर वरचा टाकला, पाय किंचित उचलला आणि इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला त्या भर उन्हात गाडीचा हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची धग भपकन आत आली. डोळ्यांत घाम उतरला. हात स्टीअरिंगवर घसरू लागले.

काटा थरथरला... आणि उभा राहिला.

तिने पाय दाबला.

वरच्या टोकाला भोंग्यातून आवाज आला, "पहिला क्रमांक, रेवती इंगवले!" माणसं धावत आली. तिला ओढून बाहेर काढलं, खांद्यावर घेतलं. गर्दीत निंबाळकरही होते, आणि टाळ्या वाजवण्यात सगळ्यांच्या पुढे होते.

ती कशीबशी खाली उतरली. घामाने निथळत, हसत, रडत उस्तादांसमोर उभी राहिली.

"उस्ताद, पोचले! इंजिन चालू ठेवून पोचले!"

उस्तादांचा हात गाडीच्या बॉनेटवर होता. डोळे तिच्यावर.

"बॉनेट उघड," ते म्हणाले. "गाडीला गार होऊ दे. तू होऊ नकोस."