नकाशावर वाढलेलं जेवण

"दुष्काळ? कुठं आहे दुष्काळ?" राजा मकरंदसेन गरजला. "मला तर दिसत नाही!"

दिसणार कसा? महाराज राजवाड्याबाहेर पाऊलच टाकत नसत. सगळा कारभार नकाशा बघून चाले. प्रधान विश्वंभरपंतांनी रेशमी कापडावर काढून घेतलेला तो भलामोठा नकाशा दरबारात भुईवर अंथरलेला असे. नद्या निळ्याशार, शेतं हिरवीगार! उत्तर परगण्यात पावसानं पाठ फिरवून दुसरं वर्ष सरत आलं होतं, पण नकाशातलं गवत अजून तरारलेलंच होतं.

त्या परगण्यातले गावकरी हात जोडून उभे होते. राजाचं धान्याचं कोठार उघडा, एवढंच त्यांचं मागणं.

पंतांनी नकाशावर काठी टेकवली. "महाराज, हा बघा उत्तर परगणा. जेमतेम चार बोटं! नदी आहे, कुरण आहे. माणसं आळशी आहेत, दुसरं काही नाही."

"चार बोटांसाठी एवढी ओरड?" राजा हसला.

"पोट तरी केवढं असतं, महाराज? वीतभरच ना!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलली होती राजाचं पान वाढणारी ठकू. ती उत्तरेचीच. समोरच्या गर्दीत तिचा म्हातारा बापही होता.

राजाला राग आला आणि गंमतही वाटली. "जीभ फार चालते तुझी! मग याच नकाशात मला दुष्काळ दाखव. रेघ ओढायची नाही, काही पुसायचं नाही, एक डागसुद्धा पडता कामा नये. जमलं तर कोठार उघडतो. नाही जमलं तर ही माणसं आल्या पावली परत, आणि तूही त्यांच्याबरोबर!"

ठकूच्या बापानं मान खाली घातली. ठकूनं नकाशा या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळला आणि ती म्हणाली, "दाखवते. फक्त आज महाराजांचं पान मी म्हणेन तिथं मांडू द्यावं."

"मांड!"

दुपारी राजा जेवायला आला, तर पाट नकाशाच्या कडेला आणि चांदीच्या वाट्या नकाशावर चहूकडं!

"हा काय पोरखेळ?"

"ज्या गावाहून जे येतं ते त्या गावावर वाढलंय, महाराज. आज आलं तेवढंच. कोठारातला दाणा घेतलेला नाही. बसावं."

राजानं पहिली वाटी ओढली. रिकामी!

"ते कुरणवाडीचं दूध. गुरं चाऱ्यापायी दक्षिणेला गेली."

दुसरी ओढली. तीही रिकामी!

"तो साळगावचा भात. पेरलेलं उगवलंच नाही."

"मग दक्षिणेचं वाढ! तिकडं तर पाऊस झालाय!"

"वाढलंय की! ती तिकडची भाजीची वाटी. उत्तरेची उपाशी गुरं मळ्यांत शिरली, पानसुद्धा उरलं नाही."

समुद्रकाठावर मात्र एका पानावर चिमूटभर मीठ होतं. राजानं ते चाटलं. पोटात कावळे ओरडू लागले.

"ही पोरगी लबाड आहे!" पंत ओरडले. "नकाशात शेतं हिरवीगार आहेत!"

"म्हणून तर तुमचं पान त्या शेतांवरच मांडलंय, पंत. पोटभर जेवा!"

दरबारात खसखस पिकली.

"थांब!" राजा म्हणाला. "एवढ्या वाट्या ठेवल्यास, म्हणजे नकाशावर डाग पडलेच असणार!" तो गुडघ्यांवर बसून एकेक वाटी उचलून बघू लागला. रेशीम लख्ख होतं!

"डाग पडायला वाटीत काहीतरी असावं लागतं, महाराज!"

राजानं हातातली वाटी उपडी करून पाहिली. मग तो खो खो हसत सुटला. "पंत, कोठार उघडा! आणि धान्याच्या गाड्यांबरोबर उत्तरेला तुम्ही जायचं. पायी! नदी कुठं दिसली तर मला कळवा!"

त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं आणि पोटावर हात फिरवत म्हणाला, "आता तरी वाढ गं बाई!"

"वाढते की! कोठार उघडलं, गावकऱ्यांची पंगत बसली, की त्याच पंगतीत महाराजांचंही पान मांडते!"

राजा आणखीच मोठ्यानं हसला आणि पाट उचलून पंगतीत बसायला स्वतःच कोठाराकडं निघाला.